बांधावरचा पाय

सकाळी साडेचारला दत्तानं अन् मी एकाच मगातून चहा घेतला. साखर नव्हती. तो म्हणाला, "उस्ताद, असं पाणी आमची म्हैसबी पीत न्हाई." आमचं सोबतचं शेवटचं चहापाणी ते.

श्रीलंकेत शांतिसेनेत होतो आमी. मी नाईक, म्हणून पोरं उस्ताद म्हणायची; हाताखाली नऊ जवान. शिपाई दत्ता त्यातला सगळ्यात लहान, वीस वर्षांचा. तो येलदरीकडचा, मी पूर्णेचा. कंपनीत परभणी जिल्ह्याचे आमी दोघंच.

गस्तीला निघताना सुभेदार साहेबांनी ऑर्डर दिली. "बांधावर कुणीही पाय ठेवायचा नाही. सुरुंग बांधातच पुरतात. वावरातून चला, एकामागं एक."

पुढं सगळी भाताची साळ, पोटऱ्यात आलेली, कणसं बाहेर पडायच्या बेतात. दत्ता माझ्या पुढं होता. थबकला.

"काय झालं रे?"

"उभं पीक हाय उस्ताद. तुडवायचं कसं?"

"तुझ्या बापाचं हाय का?"

"कुणाच्या तरी बापाचंच हाय की."

मला हसू आलं. हसायला नको होतं. तिथंच एक ठेवून द्यायला पाहिजे होती.

आमच्याकडं लेकरू चालायला लागलं की पहिलं हेच शिकवतात. पिकात पाय घालू नको, बांधानं ये. पलटणीची शिकवण त्याच्यापुढं कालची.

साडेसहा वाजता त्यानं डावा बूट बांधावर ठेवला. मी पाहिलं. ओरडायला तेवढा वेळ होता. पण खरं सांगतो, माझ्याबी मनात आलं, तेवढीच साळ वाचली.

दोन पावलं गेला. मग धडाका. चिखल अंगावर आला, कान बंद झाले. सरपटत त्याच्यापाशी गेलो. काही उरलं नव्हतं.

रेडिओवर सुभेदार साहेब. "कॅज्युअल्टी किती? ओव्हर."

"एक. ओव्हर."

"हालत?"

"संपला साहेब. ओव्हर."

सुट्टीवर आलो तेव्हा त्याच्या बापाला सांगितलं, गोळी लागली, लढताना गेला. खरं फक्त बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुमी त्या माणसाला खरं सांगा. शेतकरी हाय, पोरानं पाय का ठेवला ते त्याला कळंल." मी गेलो न्हाई. पुढं बाप वारला. औंदा बायकोबी गेली. त्यानं पाय का ठेवला अन् मी कसा गप पाहत राहिलो, हे ठाऊक असलेला आता मी एकटाच उरलो, म्हणून लिहून ठेवतो. पाय त्यानं ठेवला, पण पाहणारा मी होतो.

दत्ता गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तीच गस्त, तीच वाट. या टायमाला मी सगळ्यात पुढं झालो. बांधापाशी थांबलो. मागची पोरंबी थांबली.

"माझ्या मागून या," म्हणालो, अन् साळीत पाय घातला. धाटं बुटाखाली मोडत होती. त्यांचा आवाज येत होता. मी चालत राहिलो.

पलीकडं पोचल्यावर वळून पोरं मोजली. आठ.