ओट्यावरचं ओलं फडकं

साहेब गेल्याचं मला कुणी सांगितलं नाही. कपाटाची किल्ली कुठे ठेवलीस, हे विचारायला त्यांच्या मुलाचा फोन आला, त्यातून कळलं. शोकसभेत फोटोपुढे पदक ठेवायचं होतं. मी कणकवलीला, आईच्या दारात उभी. "पिठाच्या डब्यामागे," एवढंच बोलले...

त्याला महिना होऊन गेला. मुलुंडला मी कमांडर साहेबांना सांभाळायला होते. एकाहत्तरच्या लढाईत एक पाणबुडी त्यांच्या हुकमाखाली होती, पदक त्याचंच. मी सातवीत शाळा सोडलेली, घरापासून लांब पहिल्यांदाच आलेली. कुणी मोठ्याने हाक मारली तरी काळजात धस्स व्हायचं. पहिल्याच दिवशी हातून पातेल्यावरचं झाकण पडलं. साहेब भिंतीला हात टेकून उभे राहिले, चेहरा पांढराफटक. वाटलं, गेली नोकरी. पण संध्याकाळी त्यांनी स्वतः फडकं भिजवून ओट्यावर पसरलं आणि भांडी त्यावर ठेवायला सांगितली. पाणबुडीवर त्यांचा स्वयंपाकी तसंच करायचा म्हणे. वर शत्रूचं जहाज कान लावून बसलेलं. खाली पंखे बंद, बूट काढलेले, खोकलासुद्धा दाबलेला. "कुणाच्या हातून चमचा पडला नाही, म्हणून मी म्हातारा झालो," म्हणाले. माझी भीती त्यांनी ओळखली होती. "आम्ही सगळेच घाबरायचो गं. फक्त हात चालू ठेवायचे." तेवढ्या आधारावर मी या शहरात टिकले.

सोसायटीला मात्र पदकच दिसायचं. यंदा सव्वीस जानेवारीला, साहेब अंथरुणाला खिळलेले असताना, खाली त्यांचा सत्कार ठरला. ढोल-ताशा, फटाक्यांची माळ, सगळं. मी सेक्रेटरींकडे गेले.

"काका, आवाज नको ना. त्यांना सोसत नाही."

"अगं, लढाईतला माणूस तो! फटाक्याला घाबरणार?"

"तसं नाही काका, त्यांच्या पाणबुडीत..."

"तू चहाचं बघ."

मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "लोक प्रेमाने करतायत, नाही कसं म्हणू?"

माळ खिडकीखालीच लागली. साहेबांनी माझं मनगट घट्ट धरलं, दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर. "हलू नकोस... वर आहेत ते." उशी घामाने भिजली. खाली त्यांच्याच नावाचा जयजयकार चालला होता. त्यानंतर त्यांनी मला ओळखलं नाही. बोटीवरच्याच कुणाला तरी दबक्या आवाजात हुकूम देत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांना हॉस्पिटलात हलवलं आणि मला गावी धाडलं. "आता तुझं काम नाही इथे," मुलगा म्हणाला.

शोकसभेला मी धावत आले. लाऊडस्पीकर होताच. भाषणं झाली, मग सगळे उठून दोन मिनिटं शांत उभे राहिले. अख्खी सोसायटी चिडीचूप. म्हणजे जमतं की यांना... ओरडावंसं वाटलं. पण साहेबांच्या फोटोपुढे कशी ओरडणार?

आता मी घाटकोपरला एका आजींकडे आहे. आजी ठार बहिऱ्या. त्यांची सून रोज विचारते, "हे फडकं कुणासाठी गं घालतेस?" मी ते पिळते, ओट्यावर पसरते, आणि चमचा अलगद ठेवते.