सतरा बाय दोनची मोरी

हरिदास खोब्रागडे एटापल्लीकडच्या एका रस्त्यावरचे रोड कारकून. वीस वर्षं झाली, पावसाळ्याआधी ते आपल्या रस्त्याखालच्या त्रेचाळीस मोऱ्या आणि सहा पूल पायी फिरून तपासतात. हातोडीनं ठोकतात, आवाज ऐकतात, भेग दिसली की खडूनं खूण करतात. कामाला चोख माणूस. फक्त सतरा बाय दोन क्रमांकाची मोरी त्यांना कधी सापडली नव्हती. पहिल्या वर्षी त्यांनी ती दिवसभर शोधली. शेवटी, यादीत आहे म्हणजे कुठंतरी असणारच, असं धरून ‘सुस्थितीत’ लिहिलं. पुढं दरवर्षी तेच लिहीत गेले.

यंदा प्रत्येक मोरीचा फोटो मोबाइलवरून पाठवायचा हुकूम आला. नव्या इंजिनीअर दिव्यानी मॅडम स्वतःच सोबत निघाल्या. सतराव्या किलोमीटरला हरिदासभाऊंची चाल मंदावली.

"दोन नंबरची कुठे आहे, भाऊ?"

"थे नाई सापडत, मॅडम."

"कधीपासून?"

"मी लागलो तवापासून."

मॅडम रागावल्या नाहीत. हरिदासभाऊंना तेच जास्त लागलं. निवृत्तीला जेमतेम वर्ष उरलं होतं.

मॅडमनी पिशवीतून जुना नकाशा काढला. पूर्वी रस्ता इथं वळसा घेत होता. तो सरळ केला, नाल्याचं पाणीही वळवलं, आणि जुना तुकडा झाडीत राहून गेला. दोघं आत शिरले. शंभरेक पावलांवर मोहाच्या झाडांमागं मोरी होती. भिंती शेणानं सारवलेल्या, तोंडाला बांबूचं फाटक, आत सात शेळ्या.

शेळ्यांची मालकीण बुधरीबाई फाटकाशीच बसली होती. हरिदासभाऊंच्या हातातली हातोडी पाहून ती उठली.

"रस्तेवाले हाव का, भाऊ?"

"हो, बाई."

"लय दिवसानं आले. पावसात वरून पानी गळते. शेळ्या भिजतात माह्या."

हरिदासभाऊंनी कानाकोपरा ठोकून पाहिला. सगळीकडून खणखणीत आवाज. छताला बोटभर भेग, बाकी एवढी जपलेली मोरी त्यांच्या रस्त्यावर दुसरी नव्हती.

"तुम्ही न बघता लिहिलेलं खरं निघालं, हे नशीब तुमचं," मॅडम म्हणाल्या. "आता ही यादीतून काढावी लागेल."

"काढा," बुधरीबाई म्हणाली, "पन मंग गळते थे कोन बुजवते?"

मॅडमनी हरिदासभाऊंकडं पाहिलं. हरिदासभाऊ शेळ्यांकडं पाहू लागले.

रविवारी घरचं उरलेलं सिमेंट घेऊन ते एकटेच आले आणि वर चढून भेग बुजवली. दोन दिवसांनी पाहायला आले, तर बुधरीबाई तयारच होती. तिनं वर हंडाभर पाणी ओतलं, खाली जाऊन मान वर करून बराच वेळ पाहत राहिली.

"त्या कोपऱ्यात थोडं राह्यलं, भाऊ."

तिथं काही राहिलेलं नव्हतं. तरी हरिदासभाऊ पुन्हा वर चढले.