आईच्या केसांचा नमुना

जळगावच्या प्रयोगशाळेत शिकताना मी केसांतलं कॉर्टिसोल मोजायचे. माणूस ताणात असला की वाढणारं हे हार्मोन केसांत उतरतं. केस महिन्याला साधारण सेंटीमीटरभर वाढतात, म्हणून मुळापासून एकेक सेंटीमीटर तपासत गेलं की मागचे महिने कळतात.

तुलनेसाठी निरोगी, निर्धास्त माणसं हवी होती. मला पहिली आठवली ती आई. धुळ्याजवळच्या गावातून ती फोनवर रोज एकच सांगायची, सगळं बरं आहे म्हणून: "बठ्ठं बरं शे, तू तुना अभ्यास कर."

संक्रांतीनंतर घरी गेले, तर तिने गुंतवळाचा डबाच पुढे केला. केसांवर भांडी देणारी बाई येते, तिच्यासाठी ती तो जमवायची. हा चालत नाही, मुळाशी कापावे लागतात, म्हटल्यावर ती पाठमोरी बसली. एवढं शिकून शेवटी हाती कात्रीच आली म्हणून मला चिडवत होती.

या चाचणीत केसांच्या अर्कात हार्मोन जितकं जास्त, तितका त्याचा पिवळा रंग फिका येतो. आईच्या चौथ्या तुकड्याचा अर्क छान पिवळा आला. मुळाकडच्या तिन्हींचे जवळजवळ रंगहीन. मी चाचणी पुन्हा केली, तेच आलं. सरांनी विचारलं, नमुना कुणाचा? मी हसून म्हणाले, आईचा आहे, ती डोक्याला वाटीभर तेल थापते, धुताना राहिलं असणार. नोंदवहीत तसं लिहून मोकळी झाले. त्या हुशारीची मला आजही चीड येते.

चैत्रात ती स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली आणि छातीतली गाठ उघडकीला आली. धुळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आधी का आणलं नाही म्हणून मलाच झापलं. ते गेल्यावर मी तिला विचारलं, कधीपासून?

"दिवाळीपासून शे," ती म्हणाली. माझी परीक्षा होऊ द्यायची होती, म्हणून कुणालाच बोलली नव्हती.

दिवाळी ते संक्रांत. मी पलंगाशी बसून बोटांवर महिने मोजले. तीनच भरले.

कॉर्टिसोलवरून गाठ कळत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. पण ते तीन फिके निकाल आले त्या दिवशी एक फोन करून, आई, काय झालंय, एवढं तरी विचारता आलं असतं. श्रावणात ती गेली. नोंदवहीत तिच्या नमुन्यापुढे अजून माझ्याच अक्षरात आहे: तेलाचा दोष, वगळला.