माझ्याकडे नीट चालतंय

नवरा म्हणून माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्याला बोल बोल बोलणार आहे.

दिवसभर लिफ्ट दुरुस्त करतो. घरी आला की हातपाय धुऊन कॉम्प्युटरपुढे. सगळ्यांनी मिळून बनवलेली, फुकट मिळणारी एक ऑपरेटिंग सिस्टीम आहे. तिच्यात डिस्कचे भाग पाडायचा एक प्रोग्राम असतो, त्याबद्दल जगभरातून येणाऱ्या तक्रारी हा बारा वर्षं चाळतोय. पगार शून्य. मान मोठा, म्हणे! तक्रार आली की स्वतःच्या मशीनवर करून बघतो. बिघाड दिसला तर पुढे पाठवतो, नाही दिसला तर एक ओळ लिहून बंद: "माझ्याकडे नीट चालतंय." घरातही हेच. नळ गळतोय म्हटलं तरी.

मी कर्णबधिर मुलांना शिकवते. चार वर्षं खपून मी आणि मुलांनी खुणांचा कोश केला. एका शब्दाचा एक व्हिडिओ, असे नऊशे चाळीस. सगळे माझ्या कॉम्प्युटरच्या मोठ्या डिस्कवर. दुसरी प्रत करायची राहिली होती, हो, चुकलं माझं. त्यातली निम्मी मुलं शाळा सोडून गेली, आता पुन्हा कुठून आणणार?

गेल्या रविवारी सकाळी हा म्हणाला, "किती रखडतंय तुझं मशीन. छोट्या डिस्कवर नवी सिस्टीम टाकून देतो. दहा मिनिटं."

"माझ्या व्हिडिओंना हात लावू नकोस."

"अगं, ते मोठ्या डिस्कवर आहेत. मला शिकवतेस?"

त्याच्याच त्या प्रोग्रामच्या यादीत त्याने छोटी डिस्क निवडली. मग नवी सिस्टीम असलेला पेनड्राइव्ह लावायचा राहिलाय, हे आठवलं म्हणून तो लावला. तो यादीत सगळ्यात वर येऊन बसला, बाकीच्या डिस्क एकेक ओळ खाली सरकल्या, आणि निवड मात्र जुन्याच ओळीवर राहिली. त्या ओळीवर आता माझी मोठी डिस्क होती. खाली नाव अजून छोटीचंच दिसत होतं, म्हणून ह्याने बिनधास्त 'पुसा' दाबलं.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं, तेव्हा मला कळलं. मग मी जे तोंड सोडलं, ते खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं असेल. तो ओरडत होता, "कुठल्या गाढवाने लिहिलंय हे!"

पण हात त्याचे शहाणे. मशीन तिथल्या तिथे बंद केलं, डिस्क काढून आपल्या मशीनला जोडली. पुसली गेली होती ती फक्त डिस्कचे भाग कुठे सुरू होतात, कुठे संपतात याची नोंद; आतलं सगळं जागेवर होतं. चार तास शोधून त्याने ती नोंद पुन्हा उभी केली. नऊशे चाळीसच्या नऊशे चाळीस परत आले. मी रडले, आणि राग तरीही गेला नाही.

जेवून तो तावातावाने तक्रार लिहायला बसला. आधी कुणी लिहिलंय का, शोधलं. आणि कीबोर्ड बाजूला सारला.

मी वाकून बघितलं. तीन वर्षांपूर्वी एका बाईने हेच लिहिलं होतं. पेनड्राइव्ह लावला, यादी सरकली, भलतीच डिस्क पुसली गेली. सहा वर्षं टिपलेले पक्ष्यांचे आवाज होते तिचे. "परत मिळायचा काही मार्ग आहे का?" किती नम्रपणे विचारलं होतं! खाली ह्याचं उत्तर, अकरा मिनिटांत. माझ्याकडे नीट चालतंय.

तळपायाची आग मस्तकात गेली. "तुझ्या मशीनला डिस्क किती?"

"एक."

"एक! मग चुकीची पुसली जायला दुसरी होती कुठे? चार तासांचं काम होतं रे. माझ्यासाठी केलंस ना? तिला एक प्रश्न तरी विचारलास?"

"रोज चाळीस तक्रारी येतात गं..."

"मग कमी घे! मला सॉरी म्हणू नकोस. तिला लिही."

त्याने तक्रार पुन्हा उघडली, बिघाड नेमका कुठे आहे ते लिहिलं. मग तिला पत्र: चूक माझी, डिस्क असेल तर मी स्वतः सगळं काढून देतो.

मंगळवारी उत्तर आलं. ती डिस्क तिने तेव्हाच कुणाला तरी देऊन टाकली होती. रेकॉर्डिंगला जाणंही सोडलं होतं. शेवटी लिहिलं होतं, "कळवलंत ते बरं केलंत. तीन वर्षं मी समजत होते, मीच वेंधळी."