शेडमधली चेनपुली

धाडच्या बाजाराकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या शेजारी जे काका राहतात, त्यांच्या मते आसपासचा एकही मिस्त्री ट्रॅक्टरला हात लावायच्या लायकीचा नाही. सत्तरी उलटली तरी जुन्या ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स ते घरच्या शेडमध्ये एकट्यानंच उतरवतात. कमरेला पट्टा, गुडघ्याला गरम पट्टी, आणि तोंड मात्र पंचविशीतलं. मदतीला गेलं की ऐकून घ्यायचं, "हात नको लावू बे, तुले नाई समजत." हातातून पाना सुटला की पानाच खराब असतो. नट हलला नाही की कंपनी चोर असते. वय फक्त इतरांचं होतं.

यंदा त्यांनी शेडच्या लोखंडी गर्डरला साखळीची चेनपुली टांगली. "गिअरबॉक्स उचलाले," असं साऱ्या गल्लीला सांगितलं.

पोळ्याच्या आधी एका दुपारी मी भिंतीवरून डोकावलो. काका ट्रॅक्टरखालून सरपटत बाहेर आले होते. पुलीचा हुक त्यांनी कमरेच्या पट्ट्यात अडकवला होता आणि साखळी ओढत ते स्वतःलाच उभं करत होते. मी दिसताच साखळी थांबली.

"काऊन बे, काय पाहून राह्यला?" अर्धवट लोंबकळत त्यांनी दरडावलं. "वजन पेलते का नाई, ते तपासून राह्यलो."

गिअरबॉक्स बसून ट्रॅक्टर कधीचा वावरात गेला. चेनपुली मात्र अजून तिथंच आहे, आणि काका रोज सकाळी तिला तेल देतात.