साठ किलोचा रुग्ण

सोमवारी संगणकाच्या पडद्यावर, कुठली चाचणी कशावर टेकली आहे ते दाखवणारं रेघांचं एक जाळं पाहत बसलो होतो. रुग्णालयांसाठी औषधाची मात्रा काढणारं आमचं सॉफ्टवेअर तपासायला दोनशे बारा चाचण्या आहेत, आणि त्या सगळ्यांच्या रेघा सामायिक लायब्ररीतल्या, म्हणजे सगळ्या टीम वापरतात त्या कोडमधल्या, एकाच चौकटीत येऊन मिळत होत्या. त्या चौकटीत एक खोटा रुग्ण होता, वजन साठ किलो. कुणीतरी सोयीसाठी लिहिलेला, आणि सगळ्यांचा मिळून तो एकच.

मला तान्ह्या बाळाची मात्रा तपासायची होती. मी साठाचे आठ केले, तर इतरांच्या त्रेसष्ट चाचण्या नापास झाल्या. शेजारच्या टीमची मानसी तरातरा आली.

"सर, तुमच्या बाळापायी आमच्या चाचण्या कोसळल्या! उद्या हे रुग्णालयांत जायचंय."

"अगं, पण बाळाची मात्रा आपण कधी तपासलेलीच नाही."

"आजवर कुणाची तक्रार आली का? करा परत साठ. वेगळा रुग्ण घालायचा तर सगळ्या चाचण्या नव्यानं जोडाव्या लागतील, महिना जाईल."

ज्याच्यावर पुष्कळजण टेकलेले असतात, त्याला हलवायची भीती वाटते. मग कुणी हलवत नाही, म्हणून ते बरोबरच असणार असं हळूहळू सगळ्यांना वाटू लागतं. घरांतही मी हे पाहिलं आहे.

मी साठ लिहिले. सगळ्या चाचण्या पास झाल्या. आता कुठल्याशा वॉर्डात एखादी नर्स बाळाचं वजन आमच्या सॉफ्टवेअरमध्ये भरेल, आणि समोर येईल तो आकडा तपासलेला आहे असं समजून सिरिंज भरेल.