मुलीचं नाव कोणत्या शाळेत घालायचं

मुलगी सहा वर्षांची झाली तेव्हा मिरजगावात तिच्यापुढे दोन शाळा होत्या, दोन्ही सरकारी आणि फुकट. एक उर्दू, आमच्या मोहल्ल्यातली, जिथे मी शिकले. दुसरी मराठी, हायवेपलीकडची. कुठंही नाव घाला, कुणाची आडकाठी नव्हती. पंचाईत तीच होती.

बँकेतला मराठी फॉर्म मी अजून दुसऱ्याकडून भरून घेते. म्हणून मुलीला मराठी शाळा, असं माझ्या मनात होतं. सासू म्हणाली, "तिकडे आपली किती पोरं आहेत? कुणी काही बोललं तर ही कुणाकडे जाईल?"

तीच भीती मलाही होती.

मग उर्दू शाळेच्या बाई घरी आल्या. मलाही त्यांनीच शिकवलेलं. चहाला हात न लावता म्हणाल्या, "बेटी, पट फार खाली आलाय. तुझी गेली की तिचं बघून आणखी दोघीतिघी जातील. मग शाळा राहायची नाही." मला मान वर करवेना. उठता उठता त्या म्हणाल्या, "पण आई तू आहेस."

मी मराठी शाळेतच नाव घातलं.

पहिल्याच दिवशी गुरुजींनी तिचं पूर्ण नाव वाचलं आणि सगळा वर्ग वळून बघायला लागला. तेव्हापासून ती शाळेत बोलेना. मधल्या सुट्टीत मी कुंपणापाशी जाऊन उभी राहायचे. ती ओट्याच्या कडेला एकटीच खिचडी खात असायची. घरी आल्यावर मी विचारायचे, "आज कुणाशी बोललीस?"

"न्हाई."

पुढं पुढं मी विचारायचंच सोडलं. मग एक दिवस तिच्या ताटातली खिचडी शेजारची मुलगी खाताना दिसली. भांडण झालं की काय म्हणून मी फाटकाकडे धावले, तर दोघी हसत होत्या.

आता ती तिसरीत आहे. मोहल्ल्यातल्या आणखी दोघी तिच्याबरोबर जातात. उर्दू शाळा चालू आहे, पण दोन वर्ग एकाच खोलीत बसतात. बाई भेटल्या की मुलीच्या डोक्यावरून हात फिरवतात. मी घाई असल्यासारखी पुढं निघते.

परवा नेवाशाहून धाकट्या बहिणीचा फोन आला. तिची मुलगी यंदा पहिलीत जाणार. "आपा, कुठं घालू? तू सांगशील तसं करते."

"मला नको विचारूस," मी म्हणाले. ती रागावली असावी. खुदा हाफिज न म्हणताच तिनं फोन ठेवला.